बक्षीस कुणाला देऊ नये

शालिग्राम पाटील भुसावळला माझ्या खोलीवर आले आणि दारातच उभे राहिले. मी पाट मांडला, ते बसले नाहीत. काखेतली छत्रीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नाही. माझी मुलगी पाच वर्षं त्यांच्या घरात सून म्हणून नांदत होती आणि माझ्या व्याह्यांचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. पाहून फार काही कमावलं असं वाटलं नाही.

"बोटीवर जाणाऱ्या तानुबाई त्या तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"किती वेळा गेलात?"

"पाच वेळा जाऊन आले. मडमेची पोरं सांभाळत गेले, सांभाळत आले."

त्यांनी मान हलवली, जणू बैलाचे दात पाहून झाले. मग कामाचं बोलले. मुलगा अभिमन विलायतेला निघाला होता, मँचेस्टरला, कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला. सूनही बरोबर जाणार होती. मुंबईहून बोट, सेकंड क्लासची तिकिटं. पण बोटीवर वागायचं कसं, खायचं काय, कुणाला किती बक्षीस द्यायचं, हे धुळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वकील म्हणाला, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातावर ठेवून मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, दमडी देऊ नका, सगळं तिकिटात येतं. शेवटी रेल्वेच्या एका साहेबाने माझं नाव सांगितलं.

"मी तुमची व्याहीण आहे, हेही सांगितलं का त्याने?" मी म्हटलं.

"ते आम्हाला आधीच माहीत आहे. त्याचंच बोलायला आलोय." त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "आठ दिवस धुळ्याला या. दीड रुपया रोज देऊ. पण आया म्हणून या. सूनबाईची आई मानमोडीच्या साथीत गेली, असं भिकननं लग्नात आमच्या भाऊबंदांना सांगितलंय. आता पाच वर्षांनी ते फिरवायला नको."

"मेलेल्या बाईला दीड रुपया रोज," मी म्हटलं, "दर चांगला आहे, नाना."

त्यांना हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं. तोंडावर दार लावून घ्यावं असं मनात आलं, आणि मी हो म्हटलं. पहिल्या बोटीपासूनच्या चौदा वर्षांत मी माझ्या लेकीशी सलग तासभरसुद्धा बोलले नव्हते.

मानमोडीत गेला तो माझा नवरा. भिकन हा माझा दीर. तो मेला असता तर खान्देशाचं काही अडलं नसतं, पण साथीला अक्कल नसते. दोन मुलं आधीच गेली होती, म्हणून तिसरी झाली तिचं नाव मी चिंधी ठेवलं, कुणाची नजर जाऊ नये, देवाचीसुद्धा. नजर गेली ती बापावर. चिंधी तेव्हा चार वर्षांची. भिकनने शेताचा तुकडा आपल्या नांगराखाली घेतला आणि मला सांगितलं, वहिनी, तू मजुरीला जा. मी भुसावळला गेले. रेल्वेच्या बंगल्यात आयाचं काम मिळालं, पण आयाचं पोर बंगल्यात चालत नव्हतं. तिला भिकनच्या ओट्यावर बसवलं, लवकर येते म्हणून सांगितलं आणि निघाले. दोन वर्षांनी मडम पोरांना घेऊन विलायतेला निघाली आणि मला म्हणाली, येतेस की दुसरी बघू?

समुद्र ओलांडून आले आणि भिकनच्या बायकोने मला उंबऱ्यातूनच परत लावलं. गोऱ्यांचं उष्टं खाल्लेली बाई आमच्या चुलीपाशी नको, म्हणाली. दर महिन्याला माझी मनिऑर्डर जात होती, ती हातात घेताना मात्र त्यांना कधी विटाळ झाला नाही. चिंधी पायरीवर बसून मला पाहायची. वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा. मी बोटीवर असताना तिचं लग्न झालं. मला एडनला कळलं.

धुळ्याला मी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरले. वैशाखातले दिवस, सकाळी दहा वाजताच रस्ता तापलेला. पाटलांच्या घरी गेले तर चिंधीची सासू, ताईबाई, ओट्यावरच वाट अडवून उभी होती.

"देख," ती म्हणाली, "आठे तिनं नाव कमल शे. तू बाईसाहेब म्हन. मागली कोनतीच गोट काढू नको. आनि शेजारपाजारमा तोंड उघाडू नको."

व्याहिणीला कुणी अगं-तुगं करत नाही, आयाला करतात. मी ऐकून घेतलं. आत गेले. माजघरात सतरंजी टाकली होती, त्यावर माझी लेक बसलेली. वीस वर्षांची झाली होती. नाक माझं, हनुवटी तिच्या बापाची, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती उठली नाही, पाया पडली नाही, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "या, आयाबाई."

भिकनच्या घरात इतकं चांगलं बोलायला शिकली होती.

ताईबाईने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे सरकवला. रांजणातलं पाणी, तांब्याला बाहेरून घाम फुटलेला. स्टेशनापासून चालत आले होते, टाळू कोरडी पडली होती. मी तांब्याला हात लावला नाही.

"तहान नाही," म्हटलं.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं पाणी पीत नाहीत. जेवण तर दूरच. लेक दिली ती दिली, तिच्या घरून घोटभरसुद्धा घ्यायचं नाही, तिच्या हातून पैसा तर मुळीच नाही. चिंधीची कूस अजून उजवली नव्हती. लग्न माझ्या पाठीमागे उरकलं, कन्यादान भिकन आणि त्याच्या बायकोने केलं, भाऊबंदांत मला मारूनसुद्धा टाकलं. उरलं होतं ते एवढंच, की आईने पाळायची ती तहान मी पाळावी. त्या घरात मी तिची आई आहे हे तिने एकदा मानावं, मला दुसरं काही नको होतं. दीड रुपया तर नकोच होता.

ताईबाईच्या लक्षात आलंच. तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तांब्या तिथेच ठेवून गेली. चिंधीच्याही लक्षात आलं. तिच्या ओठांची एक कड वाकडी झाली.

मी शिकवायला सुरुवात केली. मला दुसरं काय येत होतं?

पेट्या दोन प्रकारच्या न्यायच्या, एक खोलीत ठेवायची आणि एक बोटीच्या तळात टाकायची. तळात गेलेली पेटी उतरेपर्यंत पुन्हा दिसत नाही, म्हणून लोकरीचे कपडे त्यात कोंबले तर मार्सेलिसला कुडकुडत बसावं लागतं. पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं बिस्किट आणि लिंबू उशाशी ठेवायचं, आणि ढवळायला लागलं की खोलीत पडून न राहता वर हवेवर जायचं. तिथे आडवं होण्याची खुर्ची भाड्याने मिळते, ती पहिल्याच दिवशी सावलीच्या बाजूची सांगून ठेवायची. आंघोळीची वेळ न्हाणीघराचा नोकर ठरवतो. टबात समुद्राचं खारं पाणी असतं, अंगावर शेवटी ओतायला बादलीभर गोडं. ते आधीच ओतून घेतलं तर दिवसभर अंग चिकचिकत राहतं. संध्याकाळी जोडे दाराबाहेर काढून ठेवायचे, ते पुसायला नेतात. चोरीला गेले म्हणून ओरडायचं नाही.

"असं ओरडलंय का कुणी?" अभिमनने विचारलं. तो मुलगा तसा गरीब होता. काटा-सुरीने वांग्याची फोड धरायला जायचा आणि फोड ताटाबाहेर सतरंजीवर.

"आपल्याच भागातले एक वकील," मी म्हटलं. "कॅप्टनपर्यंत गेले होते. वकिलांचा सल्ला घेऊ नका."

तो हसला. चिंधी हसली नाही. ती सगळं एकदा ऐकायची आणि जसंच्या तसं म्हणून दाखवायची, चूक काढायला जागा ठेवायची नाही. नवरा बैठकीत गेला की मात्र टोचायला सुरुवात करायची.

बायकांच्या खोल्यांकडे पाहणारी नोकरीण असते, ओकारी आली की ती डोकं धरते, असं मी सांगत होते.

"तू बी धरे का?" तिने विचारलं. "कोना पोरेसनं?"

"मडमेच्या."

"माले गोवर निंघना तव्हय मना जोडे, उशापाशी, कोनीच नव्हतं."

"तव्हय मी बोटवर व्हती, बाई."

"माले माहीत शे तू कोठे व्हती ते. त्या पोरेसना नावं बी माहीत शेतस. भिकनकाका रोज ल्ये. 'तुनी माय तेसले मांडीवर ल्हीसन बठनी व्हई.'"

मला भिकनचा गळा धरावासा वाटला. तो दहा कोसांवर होता. समोर होती ती लेक, आणि माझी जीभही काही कमी नाही. मी म्हटलं, "तुना भिकनकाकाले इचार, दर महिनाले पोस्टवाला काय दीसन जाये." ती म्हणाली, "पोस्टवाला येवाना पेक्षा तू येती त बरं व्हतं." रोज असंच. बोटीचं थोडं, भांडण जास्त, आणि दोघींमध्ये तो भरलेला तांब्या. आता तो रोज चिंधीच आणून ठेवायची, माझ्या गुडघ्याला टेकेल असा.

तहान लागली की मी उठून कोपऱ्यावरच्या पाणपोईवर जायची. उन्हातून जाणं, उन्हातून येणं. पहिल्या दिवशी दोनदा गेले, तिसऱ्या दिवशी पाचदा. बोलून बोलून घसा सोलून निघत होता. पाणपोईवर बसणाऱ्या म्हातारीने विचारलं, पाटलांच्या घरी पाणी आटलं का? मी ओंजळ पुढे केली, पण गल्लीला डोळे होते.

चौथ्या दिवशी ताईबाई माझ्यावर तुटून पडली.

"लोके इचारी ऱ्हायनात, पाटीलना घरनं पानी आया काबर पेत नही? आमी काय हलका शेतस? गोरासनं उष्टं चालनं तुले, आमनं पानी चालत नही?"

"कोनी सांगं तुमी हलका शेतस? माले तीस नही लागस," तहान नसल्याची तीच सबब मी पुढे केली.

"तीस नही लागस त पानपोईवर काय देव दखाले जास? माले कयस बठ्ठं. तुले दखाडनं शे, मी माय शे. बठ्ठी गल्लीले दखाडनं शे!"

शालिग्राम नाना बैठकीतून उठून आले. ओरडले नाहीत. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर देता येतं. "तानुबाई," ते म्हणाले, "आया आमच्या घरी जेवते आणि पाणी पिते. उद्यापासून तुम्हालाही तसंच करावं लागेल. जमत नसेल तर चार दिवसांचा रोज घ्या आणि आजच्या गाडीने भुसावळ गाठा."

मी चिंधीकडे पाहिलं. ती काटे-चमचे पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. एका शब्दाने ती थांबवू शकली असती, निदान राहू द्या म्हणू शकली असती. मी पदर सावरला आणि धर्मशाळेत आले. रात्रभर माझं मनाशी भांडण चाललं. गेले तर चार दिवसांची लेक जाते, राहिले तर आईपण जातं. काय करायचं ते सकाळीही ठरलेलं नव्हतं, पण पाय धुळ्याच्या स्टेशनाकडे न वळता पाटलांच्या घराकडे वळले.

पाचव्या दिवशी माजघरात आम्ही दोघीच होतो. अभिमन कोटाचं माप द्यायला शिंप्याकडे गेला होता. ताईबाई ओसरीवर गहू निवडत होती, सुपाचा आवाज थांबला की समजायचं कान इकडे आहेत. तांब्या जागेवर होता.

बक्षिसाचा धडा मी त्या दिवसावर ठेवला होता. येताना पदरात मूठभर चिंचोके बांधून आणले होते.

"बोटीवरचं बक्षीस म्हणजे बलुतं समज," मी तिला सांगितलं. "न्हावी, कुंभार, सुतार वर्षभर राबतात आणि खळ्यावर आपला वाटा नेतात, तसंच. पण आपल्याकडे बलुतं सगळ्यांसमोर मोजून देतात, आणि लग्नातला आहेर तर नाव पुकारून. तिथे पुकारायचं नाही. आपली माणसं हीच चूक करतात. तो वकील पहिल्याच दिवशी जेवणघरात उभा राहिला, एकेका नोकराला जवळ बोलावलं, नारळ दिला आणि मोठ्याने आकडा सांगून पैसे दिले. त्याला वाटलं आपला मान वाढला. सगळे टेबलवाले हसले, आणि पुढे वीस दिवस त्याला गार सूप मिळालं."

"मंग कव्हय देवानं?"

"उतरायच्या आदल्या संध्याकाळी. खोलीचा नोकर, जेवणाच्या टेबलाचा, न्हाणीघराचा, खुर्च्यांचा, आणि तुझ्यासाठी ती बाई. एवढेच. घडी केलेली नोट, तळहात खाली, त्याच्या तळहातावर. तोंडाकडे पाहायचं नाही, घासाघीस करायची नाही. जुनं लुगडं, उरलेलं खाणं द्यायचं नाही. दिलं की वळायचं. ते दिलं म्हणजे हिशेब मिटला, त्याचं तुझ्याकडे काही नाही आणि तुझं त्याच्याकडे काही नाही."

मी नोकर झाले, ती बाईसाहेब झाली. तिने चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. बोटं लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा हात माझ्या हाताला लागला, आणि मी मेली त्या चिंचोक्याच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा करून घेतलं. हात फार वर गेला, परत. फार सावकाश, परत. आणखी एकदा.

"चिंचोका काबर?" ती एकदम म्हणाली. "मनाजोडे पैसा शेतस."

"शिकायला चिंचोके पुरतात."

"शिकाले नही. मना हातना पैसा तुले लेवाना नही, म्हनीसन." तिने हातातले चिंचोके सतरंजीवर टाकले. "बरं. कॅप्टनले देवानं का?"

"नाही. त्याला दिलं तर अपमान होतो."

"डॉक्टरले?"

"नाही. तो बिल देतो."

"आनि आयाले? मडमसंगे आया ऱ्हास, तिले कोन देस?"

"मडम. उतरताना."

"तुले कितलं दिनं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "पाच रुपये," मी म्हटलं.

ती उठली. कोनाड्यातली डबी उघडली. पाच रुपयांची नोट काढली, घडी केली, समोर येऊन बसली आणि तळहात खाली करून नोट माझ्या हातावर ठेवली. हात वर गेला नाही, सावकाश झाला नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. मी शिकवलं त्यात कुठे चूक नव्हती.

"ल्या, आयाबाई," ती म्हणाली. "आते पानी पी."

माझा हात भाजल्यासारखा झाला. लेकीच्या हातची ती नोट मी तिच्या मांडीवर परत टाकली. "आंडेरना हातना पैसा माय लेत नही!"

सूप थांबलं. 'माय' हा शब्द त्या घरात माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता, आणि मला वाटलं आता काहीतरी फुटेल, रडू तरी, मिठी तरी. चिंधी रडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"माय?" ती म्हणाली. "इतलं सोपं शे का ते? पानी नही पिनं म्हंजे माय व्हयनी? मी सहा वरीसनी व्हती. पायरीवर बठीसन तुनी वाट देखू. ऊन येये, पानी येये, मी बठेल. काकू म्हने, उठ, नही येनार ती. मी नही उठू. तव्हय माले कोनी पानी इचारं नही. आनि तू पाच दिन तीस मारीसन मनी माय व्हवाले उनी? तेबी दीड रुपया रोजवर?"

मला आधी संतापच आला. मनिऑर्डरी आठवल्या, दहा फेऱ्या आठवल्या, दुसऱ्याच्या पोरांचे धुतलेले लंगोट आठवले. सगळं ओठावर आलं होतं. पण तिचं खरं होतं. मी ओट्यावर बसवून गेले ती पोर तिथेच बसून राहिली होती, आणि मी आईपणातलं सगळ्यांत स्वस्त तेवढं उचलून आणलं होतं. तिचं खरं होतं, आणि ते खरं आहे म्हणून मला तिचा भयंकर राग आला.

मी तिच्या मांडीवरची नोट उचलली आणि कनवटीला खोचली.

"हा तांब्या तापला," मी म्हटलं. "गार पानी लई ये."

तिला आधी कळलं नाही. मग ती उठली. गड्याला हाक मारली नाही, स्वतः रांजणापाशी गेली, तांब्या बुडवून भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. मी दोन्ही हातांनी घेतला. ओठाला लावला. गार पाणी घशाखाली उतरलं आणि मला त्याचं बरं वाटलं, याचीच लाज वाटली. तांब्याच्या काठावरून मी तिच्याकडे पाहत होते. ती हात पुढे करील, हिसकावून घेईल, नको पिऊ म्हणेल, असं मला शेवटच्या घोटापर्यंत वाटत होतं. ती माझ्या गळ्याकडे पाहत उभी राहिली. मी थेंब ठेवला नाही.

ताईबाई दारात आली होती. तिने रिकामा तांब्या पाहिला. "आते कसं!" म्हणाली आणि पुन्हा गव्हाकडे गेली. सूप सुरू झालं.

मी तोंड पुसलं, सतरंजीवरचे चिंचोके गोळा केले आणि मांडी ठोकून बसले. "बसा बाईसाहेब," मी म्हटलं. "आता पोर्ट सैद. तिथे बोट कोळसा भरते. खोलीची गोल खिडकी आधीच घट्ट लावून घ्यायची, नाहीतर बिछान्यावर काळी भुकटी बसते. फेरीवाले बोटीवर चढतात, मण्यांच्या माळा घेऊन. सांगतील त्याच्या चौथाईत मागायच्या."

ती बसली नाही. तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"मी काय सांगतेय, बाईसाहेब?"

"माले बाईसाहेब म्हनू नको."

"मग काय म्हणू? सासूबाईंनी तसंच सांगितलंय."

तिने दाराकडे पाहिलं. ओसरीवर सुपाचा आवाज चालू होता. ती बोलली ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"चिंधी म्हन."

पाच दिवस मी याचसाठी घसा सुकवला होता. ज्याच्यासाठी आले ते ती माझ्या पुढ्यात ठेवत होती, कुणी मागितलं नसताना, सासू हाकेवर असताना. मी फक्त ते नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा मी ते घेणारच होते, देवाशपथ. पण पोटातलं ते पाणी दगडासारखं बसलं होतं, आणि कनवटीची नोट टोचत होती.

"ते नाव मायनं ठेवेल शे," मी म्हटलं. "मी त पानी पी लिनं, बाईसाहेब."

ती तांब्या धरून तशीच उभी राहिली, आणि मी पोर्ट सैदचं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.